दुसरी मूठ

मामांचं म्हणणं असं होतं, की माणसानं एक काठी घेतली म्हणजे तो म्हातारा झाला आणि दोन घेतल्या म्हणजे दोनदा झाला. एकदा झालोय तेवढं पुरे, असं सांगून त्यांनी त्या दोन काठ्या दाराआड छत्रीशेजारी उभ्या केल्या आणि पुन्हा वर्तमानपत्रात तोंड घातलं.

काठ्या तशा दिसायला झकास होत्या. हलक्या, चकचकीत, लांबी कमी-जास्त करता येणाऱ्या, वर मनगटात अडकवायला पट्टा आणि खाली रबराचा बूट. गुडघ्याच्या डॉक्टरांनीच सांगितलं होतं, की दवाखान्यामागच्या बागेत व्यायामाच्या एक बाई येतात आणि वयस्कर मंडळींना दोन काठ्या घेऊन चालायला शिकवतात. त्यानं गुडघ्यावरचा भार हलका होतो, तोल राहतो, खांदे मोकळे होतात. हे ऐकल्याबरोबर मामींनी दोन जोड आणले, एक नवऱ्याला आणि एक स्वतःला.

"माझे खांदे मोकळेच आहेत," मामा वर्तमानपत्राआडून म्हणाले.

"खांदे मोकळे आहेत, पण ते घेऊन तुम्ही गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन दाखवा," मामी म्हणाल्या.

खांद्यांची गोष्ट मात्र खरी होती. मामांनी उभी हयात लाकडाच्या वखारीत करवत ओढण्यात घालवली होती. ती सुताराची एका हातात मावणारी करवत नव्हे. माणसाएवढ्या लांबीचं पातं, दोन्ही टोकांना लाकडी मुठी आणि दोन्ही मुठींना एकेक माणूस, अशी ती करवत होती. एका टोकाला मामा आणि दुसऱ्या टोकाला दाजी. वखारीत बाकीच्या जोड्या जमायच्या आणि मोडायच्या, कोणी भांडून जायचं, कोणी दुसरा धंदा धरायचं. ही जोडी मात्र यंत्राची करवत येईपर्यंत टिकली. यंत्र आल्यावर मालकानं जुनं पातं भंगारात घातलं. त्याआधी दोघांनी मुठी तेवढ्या काढून घेतल्या आणि एकेक घरी नेली. मामांची मूठ गेली कित्येक वर्षं मामी दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून फटीत अडकवत होत्या.

वखारीत पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा मामा कुणाचेच मामा नव्हते. मिसरूड फुटलेला एक तापट पोऱ्या होता, अंगात ताकद मावत नव्हती आणि अक्कल अजून यायची होती. त्याला एका शांत, लांब हातांच्या माणसासमोर उभं केलं गेलं. त्यानं जोर लावून करवत पुढं रेटली. पातं वाकलं, लचकलं आणि लाकडात गच्च रुतून बसलं. समोरचा माणूस रागावला नाही. त्यानं फटीत पाचर ठोकली, रॉकेलच्या बोळ्यानं पात्यावरचा चीक पुसला आणि मग म्हणाला,

"ढकलायचं नाही. कधीच नाही. तू फक्त ओढ. ओढून झालं की तू मेलास. हात मुठीवर ठेव, पण मेल्यासारखा. मग मी ओढीन. माझं झालं की मी मेलो, तू जिवंत हो."

एवढीच ती विद्या. ऐकायला सोपी, पण अंगात मुरायला त्या पोऱ्याला वर्ष लागलं. त्याला ओढायचं कळायचं, मरायचं कळायचं नाही. त्याचा हात जड राहायचा आणि समोरून आवाज यायचा, "सोड." त्या वेळेपासून करवतीवर दोघांत फक्त 'ओढ' आणि 'सोड' एवढेच शब्द उरले. बाकी सगळं करवतच बोलायची. तिचा तो लांब, घोगरा श्वास मामांना अजून कधीकधी दुपारी डोळा लागता लागता ऐकू यायचा, आणि त्याबरोबर ताज्या कापलेल्या लाकडाचा वास. मग जाग आली की उगाच उदास वाटायचं.

लोक बहिणीला नवरा शोधायला गावं पालथी घालतात. मामांना तो करवतीच्या दुसऱ्या टोकाला सापडला. थोरली बहीण दुपारी भावाचा डबा घेऊन वखारीत यायची, आणि हा शांत माणूस नेमका तेव्हा पात्याला तेल लावायला लांब जाऊन बसायचा. बरेच दिवस हे चाललं. शेवटी मामांच्याच डोक्यात प्रकाश पडला. लग्न झालं, समोरचा माणूस दाजी झाला, आणि घरात मामा त्यांना 'अहो दाजी, तुम्ही' म्हणू लागले. करवतीवर मात्र अहो-जाहो नव्हतं. तिथं 'सोड' ते 'सोड'च. पुढं भाचा झाला, बोलायला लागला आणि आईच्या कडेवरून वखारीच्या फाटकातूनच 'मामा' म्हणून किंचाळायला लागला. वखारीनं ते नाव उचललं. मालकसुद्धा मामा म्हणायला लागले.

आता बहीण जाऊन वर्ष झालं होतं. दाजी खिडकीपाशी खुर्चीत बसले ते बसलेच. आजार म्हणावा तर काही नव्हता. डॉक्टरांनी तपासलं, पाय हलवून पाहिले, पाय ठीक होते. दाजींनी चालणं सोडलं होतं, बोलणंही जवळजवळ सोडलं होतं. शेजारची बाई जेवण देई, कपडे बघे. मामा फोन करायचे तर पलीकडून 'हं' यायचं. आणि दाजींचं घर चढावर होतं. अरुंद गल्ली, मध्येमध्ये पायऱ्या, वाहन पायथ्यापर्यंतच. मामा ओल्या पायरीवरून घसरून गुडघ्यावर पडले तेही त्याच चढावर. तेव्हापासून दोघांची गाठ पडली नव्हती.

त्या दिवशी, काठ्या दाराआड गेल्या त्याच दिवशी, भाच्याचा फोन आला. तो लांबच्या शहरात राहायचा.

"मामा, महिनाअखेरीला मी बाबांना घेऊन जातोय. दोन माणसं सांगितलीत. खुर्चीसकट उचलून चढ उतरवतील."

मामांनी वर्तमानपत्र खाली टाकलं. "उचलून? अरे, जिवंत माणूस आहे तो!"

"मग काय करू? स्वतःहून उठून दारापर्यंत जरी येत असते, तरी मी त्यांना त्यांच्या घरातून हलवलं नसतं."

"म्हणजे ते चालायला लागले तर नेणार नाहीस?"

भाचा म्हणाला, "नाही नेणार."

"शब्द?"

"शब्द. पण मामा, ते नाही उठणार."

"तू येशील तेव्हा दाजी दारात उभे असतील," मामांनी ठणकावलं आणि फोन ठेवला. ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की दाजींना उभं करायचं तर आधी आपण तो चढ चढायला हवा, आणि आपली मजल कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत. ते उठले, दारामागं गेले आणि काठ्या बाहेर काढल्या.

"काय हो, दोनदा म्हातारे झालात?" मामी म्हणाल्या.

"तोंड आवर आणि चप्पल घाल," मामा म्हणाले.

बागेत दहा-बारा पांढरी डोकी जमलेली होती. व्यायामाच्या बाई चाळिशीच्या, चटपटीत, आवाज खणखणीत. त्यांनी करून दाखवलं. उजवा पाय पुढं तेव्हा डावा हात पुढं. काठी लांब पुढं रोवायची नाही, पायाच्या शेजारी टेकवायची आणि मागं रेटायची, म्हणजे अंग आपोआप पुढं जातं. रेटून झालं की मूठ सैल सोडायची.

मामींना ते लगेच जमलं. इतकं लगेच, की मामांना तो अपमान वाटला. मामी ऐटीत दोन्ही काठ्या टाकत वळणापर्यंत गेल्या आणि तिथून वळून त्यांनी नवऱ्याकडं पाहून हात हलवला.

मामांचं वेगळंच चाललं होतं. ते काठी हातभर पुढं रोवत, मूठ आवळत आणि स्वतःला तिच्याकडं ओढून घेत. जोर असा, की काठी वाकेल की काय वाटावं. आणि ओढून झालं की त्यांचा हात एकदम लुळा पडे. त्याबरोबर पायही थांबत. मामा रस्त्याच्या मधोमध उभे राहत, कुणाची तरी वाट बघितल्यासारखे. मग एकदम जागे होऊन दुसरी काठी रोवत.

"मागं रेटा, मामा," बाई म्हणायच्या.

मामा मान डोलवायचे. डोक्याला कळत होतं. पण 'रेटा' म्हटलं की खांदा आडमुठ्या बैलासारखा जागच्या जागी बसायचा. ढकलायचं नाही, कधीच नाही. बाईंनी त्यांची बोटं दाबून पाहिली, मुंग्या येतात का विचारलं, हाताची नस आखडली असेल अशी शंका काढली, डॉक्टरांकडूनही बघून घेतलं. हात ठणठणीत निघाला. आठवडा असाच गेला. मामा घरी येऊन गुडघ्याला शेक घेत बसायचे आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघायचं टाळायचे.

मग एके सकाळी बाईंनी निराळी युक्ती काढली. त्या मामांच्या मागं उभ्या राहिल्या. दोन्ही काठ्या जमिनीला समांतर धरल्या. पुढची टोकं मामांच्या हातात, मागची त्यांच्या.

"आता तुम्ही काही करू नका. फक्त चाला. हात मी हलवते."

त्यांनी उजवी काठी मागं ओढली. मामांचा उजवा हात सुळकन मागं गेला, पार कमरेच्या मागं, जिथं तो आठवडाभर जायला तयार नव्हता. मग मामांनी ओढलं. मग बाईंनी. मग मामांनी. डावा, उजवा, डावा, उजवा. पाय आपोआप पडू लागले. मामांची पाठ ताठ झाली, मान वर झाली. बाकीची मंडळी बाजूला झाली, मामी तोंड उघडं टाकून बघत राहिल्या. बाईंना मागं धावावं लागत होतं. वळणापाशी त्यांचा हात जरा ढिला पडला, तेव्हा मामा पुढं बघतच जोरात म्हणाले, "ओढ!"

आणि लगेच थांबले. कानापर्यंत लाल झाले.

"माफ करा बाई. तोंडातून गेलं."

बाईंना धाप लागली होती. त्या बाकावर बसल्या आणि हसत म्हणाल्या, "राहू द्या हो. पण आता मला सांगा, हे काय आहे?"

मग मामांनी सांगितलं. वखार, पातं, दोन मुठी, पाचर, ओढणं आणि मरणं, सगळं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी त्या म्हणाल्या,

"म्हणजे तुमचा हात आजवर तुम्ही स्वतः कधी मागं नेलाच नाही. तो नेणारा दुसऱ्या टोकाला असायचा."

"दाजी," मामा म्हणाले. इतकी वर्षं ते म्हणत होते की करवत त्यांच्या ताकदीवर चालली. त्यातली अर्धी हालचाल त्यांची नव्हतीच. त्यांना दाजींची इतकी आठवण आली, की भर सकाळी, लोकांदेखत, त्यांनी रुमाल काढून डोळे पुसले. मामींनी थट्टा केली नाही.

"आता दुसरं टोक जमिनीच्या हातात द्या," बाई म्हणाल्या. "ढकलताय असं समजूच नका. काठी जमिनीला दिलीय, जमीन हात मागं ओढतेय, असं समजा."

ते खांद्याला पटलं. हळूहळू, रुसवेफुगवे करत, पण पटलं. आधी बागेची एक फेरी, मग बागेपासून घर, मग चढाचा पायथा. महिना अर्धा उलटला तेव्हा मामा चढ चढून, चार ठिकाणी थांबून, दाजींच्या दारात पोचले.

दाजी खिडकीपाशी होते. केस वाढलेले, सदरा नीट इस्त्रीचा पण अंगात सैल. ते लांब हात मांडीवर उताणे पडलेले, ओढून झालेल्या माणसाचे. खुर्चीशेजारी स्टुलावर औषधांच्या बाटल्यांबरोबर करवतीची मूठ होती, हातांनी घासून गुळगुळीत झालेली.

"दाजी, मी आलो."

"हं."

मामांनी बरंच काही केलं. गोड बोलून पाहिलं, मग चिडून पाहिलं. मुलगा तुम्हाला उचलून नेणार आहे, दोन हमाल आणून, कपाट नेतात तसं नेणार आहे, असंही सांगून पाहिलं. दाजी खिडकीबाहेर बघत राहिले. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. शेवटी मामांनी हात टेकले. समोर खुर्ची ओढून ते दाजींच्या गुडघ्याला गुडघा लावून बसले, आणि काही सुचेना म्हणून दोन्ही काठ्या आडव्या घेतल्या. पलीकडची टोकं दाजींच्या उताण्या तळहातांवर ठेवली आणि त्यांची बोटं एकेक करून मिटली.

मामांनी उजवी काठी ओढली. दाजींचा हात काठीबरोबर ओढला गेला, मेल्यासारखा. मामा थांबले. वाट पाहिली. पलीकडून काही आलं नाही. बागेत शिकलेलं आता खांद्यात बसलंच होतं, म्हणून मामांनी काठी स्वतःच परत दाजींकडं रेटली.

"ढकलू नकोस," दाजी म्हणाले.

मामा दचकले. आवाज गंजलेला होता, पण होता तोच. दाजी अजूनही खिडकीबाहेरच बघत होते. कपाळावर मात्र आठी पडली होती, वाकलेलं पातं बघून पडायची तीच.

"मग तू ओढ ना!" मामा ओरडले. ते थोरल्या बहिणीच्या नवऱ्यावर, त्याच्याच घरात, अरेतुरे करून ओरडत होते आणि त्यांना त्याचं भानही नव्हतं.

दाजींनी ओढलं. अगदी थोडंसं, बोटभर. मामांनी हात मरू दिला. मग मामांनी ओढलं. मग दाजींनी. शेजारची बाई जेवण घेऊन आली तेव्हा दोन म्हातारे समोरासमोर बसून दोन काठ्या मागं-पुढं करत होते आणि दोघांच्या मध्ये लाकूड नव्हतं. ती बिचारी ताट ठेवून चालती झाली.

त्यानंतरचे दिवस मामांना पुढं फार आठवायचे. रोज सकाळी चढ, मग करवत. ओढण्याच्या झोकात एकदा दाजी खुर्चीतून अर्धे उठले आणि त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. मग उभे राहिले. मग बाईंनी शिकवलं तसं, दाजी पुढं, मामा मागं, काठ्या दोघांच्या मध्ये, असे ते खोलीत चालले. पलंगापासून दारापर्यंत, दारापासून अंगणापर्यंत. मध्ये दम खायला बसले की दाजी बोलायचे, फार नाही, एखादंच वाक्य.

"तुझी बहीण डबा घेऊन आली की तू मूठ सोडून पळायचास," एकदा ते म्हणाले. "पातं माझ्या हातात थरथरत राहायचं."

"भूक लागायची मला."

"आणि मला वाटायचं, डबा तुझ्याआधी माझ्याकडं यावा." दाजी म्हणाले. "पण लाज वाटायची. म्हणून तेल लावत बसायचो. त्या पात्याला इतकं तेल कधीच लागत नव्हतं."

मामा हसले, मग दाजी हसले, आणि हसता हसता दाजींच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं ते बराच वेळ वाहत राहिलं. वर्षभरात ते रडले नव्हते, हे मामांना तेव्हा कळलं. मामा दाजींच्या खांद्यावर हात ठेवून बसून राहिले.

भाचा आला तो ठरल्या दिवशी. मागं दोन दांडगी माणसं. चढाचं शेवटचं वळण घेऊन त्यानं वर बघितलं, तर बाप दारात उभा. दाढी केलेला, चौकटीला नुसता हात लावून. मागं मामा, छाती फुगवून.

भाचा पायरीवर बसला आणि तोंडावर हात घेतला. मग त्यानं बरोबरच्या माणसांना परत पाठवून दिलं, डोळे पुसले आणि म्हणाला, "मामा, जिंकलात तुम्ही. शब्द दिला होता. राहू देत बाबा इथंच."

मामांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी स्वतः चहा टाकला, साखर सढळ हातानं घातली. चहा पिऊन झाल्यावर भाचा मोरीपाशी कप विसळत होता. मामा दुधाचं भांडं घेऊन मागं उभे होते. मागं न वळता भाचा हळूच म्हणाला,

"खोलीला रंग दिला होता. त्यांना आवडतो तो फिक्कट पिवळा. खिडकीतून खालची झाडं दिसतात, तिथं त्यांची खुर्ची ठेवणार होतो. असू दे. चांगलंच झालं हे."

मामांनी आधी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. इतके दिवस त्यांनी या पोराला मनातल्या मनात काय काय म्हटलं होतं. बापाचं ओझं वाटतं, कुठंतरी नेऊन टाकायला निघालाय, असं धरूनच ते चालले होते. त्यांनी बाहेर बघितलं. दाजी अंगणात खुर्चीवर बसले होते आणि त्यांची नजर बाहेर गल्लीकडं नव्हती. ती मोरीकडं, पोराच्या पाठीवर होती.

मामांना कळलं आणि कळलं ते आवडलं नाही. दाजी इथं राहायला हवे होते. ते कुणासाठी, हे त्यांनी स्वतःला आजवर विचारलं नव्हतं. रोज हा चढ आपण किती दिवस चढणार? गुडघा आजही थरथरत होता. पहिला पाऊस पडला, पायऱ्या ओल्या झाल्या, की आपण खाली आणि दाजी वर, पुन्हा तेच. मामा दुधाचं भांडं हातात घेऊन तसेच उभे राहिले. त्यांना भाच्याचा राग आला, पायऱ्यांचा राग आला, स्वतःच्या गुडघ्याचा आला. मग त्यांनी भांडं खाली ठेवलं.

"ए, इकडं ये," ते भाच्याला म्हणाले.

अंगणात त्यांनी दाजींना उभं केलं. काठ्यांची पुढची टोकं दाजींच्या हातात दिली आणि मागची आपण धरायच्या ऐवजी भाच्याच्या हातात दिली.

"यांच्या मागं चाल."

भाच्यानं शहाण्या मुलासारखं काठी पुढं रेटली.

"ढकलू नकोस," दाजी म्हणाले.

"मला कुठं माहीत आहे, बाबा?" भाचा म्हणाला. "लहानपणी तुम्ही मला करवतीला हातसुद्धा लावू दिला नाहीत."

"बोटं गेली असती तुझी," दाजी म्हणाले. "आता ओढ. ओढून झालं की सोड. मग मी."

अंगणात एक फेरी झाली, दुसरी झाली. भाच्याचं ताल सोडून चाललं होतं. दाजी त्याला मोठ्या आवाजात दुरुस्त करत होते, आणि तो मोठा बाप्या टोपी हरवलेल्या पोरासारखा कधी हसत होता, कधी नाक ओढत होता. मामा दारात उभे राहून बघत होते. त्यांचे हात रिकामे होते.

"घेऊन जा यांना," ते म्हणाले.

दोघंही थांबले.

"मामा, पण शब्द..."

"मीच घेतला होता, मीच परत देतो. काठ्याही ने. चढ उतरताना लागतील."

दाजी वळले. मग त्यांनी विचारलं, "आणि तू?"

"माझं ओढून झालं, दाजी," मामा म्हणाले.

दाजींनी मान हलवली. त्यांना यापेक्षा जास्त सांगावं लागलं नाही. ते आत गेले, स्टुलावरची मूठ घेऊन आले आणि मामांच्या हातात ठेवली. मग बापलेक चढ उतरायला लागले. बाप पुढं, लेक मागं, मध्ये दोन काठ्या. पायऱ्या आल्या की थांबायचे, मग पुन्हा. वळणापर्यंत दाजींचा आवाज येत होता. "सोड. सोड म्हणतो ना." मग तोही येईनासा झाला.

मामी चढ चढून आल्या तेव्हा मामा पायरीवर बसले होते, मूठ मांडीवर घेऊन. मामींना वाटेत बापलेक उतरताना दिसले होते. त्यांनी स्वतःच्या दोन काठ्या आडव्या केल्या आणि एका बाजूची टोकं मामांपुढं धरली.

"उठा. अंधार पडायच्या आत खाली गेलं पाहिजे."

मामांनी मूठ खिशात कोंबली आणि टोकं धरली. ते पुढं, मामी मागं. मामांनी ओढलं आणि सवयीनं थांबले. मागून काही आलं नाही. त्यांनी पुन्हा ओढलं. काठी मध्येच अडल्यासारखी झाली.

"अहो," मामी म्हणाल्या, "हात किती जड तुमचा! सोडा की, मला ओढू द्या."

इतक्या वर्षांत ही बाई करवतीजवळ कधी आली नव्हती. मामांनी हात सैल सोडला. मागून ओढ आली, कमजोर, वेळ चुकलेली, पण आली.

मग त्यांनी ओढलं.